निकोटीनच्या गमने तोंड आलं म्हणून परत सिगारेटकडे वळू नका

दुकानात एक तक्रार इतक्यांदा ऐकलीये की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते, कारण काउंटरवर मागे चार माणसं ताटकळत असताना नीट सांगताच येत नाही. माझं लालबागला मेडिकल आहे, आधी सासरे बसायचे, बी.फार्म झाल्यापासून मी बसते. माणूस सिगारेट सोडायची म्हणून निकोटीनचा गम घेऊन जातो, आठवडाभरात परत येतो आणि म्हणतो, ताई तो गम नको आता, सगळं तोंड आलंय, जरा काहीतरी लावायला द्या. मी ट्यूब देते. तो ट्यूब खिशात टाकतो, बाहेर पडतो आणि शेजारच्या टपरीवर थांबतो. माझ्या काउंटरवरून टपरी सरळ दिसते.

मला याचा खरंच खूप त्रास होतो. वीस-वीस वर्षं ओढणारा माणूस कधीतरी मनाची तयारी करतो, बायकोला सांगतो, मित्रांची टिंगल सहन करतो, पैसे खर्च करून गम नेतो, आणि मग तोंडातल्या दोन फोडांपायी मागे फिरतो. त्या फोडांचा बंदोबस्त करता येतो हो. बऱ्याचदा तर ते गममुळे आलेलेच नसतात, ते पुढे सांगते.

आमच्यापासून परळचं टाटा हॉस्पिटल किती लांब, चालत गेलं तरी पोचतो. तिथल्या फुटपाथवर लांबून आलेली कुटुंबं राहतात, पेशंटच्या गळ्याभोवती फडकं गुंडाळलेलं, नाकात नळी, शेजारी बायको नाहीतर मुलगा फायली सांभाळत बसलेला. यातले काहीजण औषधं शोधत आमच्यापर्यंतही येतात. तोंडाचा कॅन्सर म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातले २८.६ टक्के मोठे लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं होतं, म्हणजे साधारण दर साडेतीन माणसांत एक. त्यामुळे सोडायला निघालेला एकेक माणूस धरून ठेवायला हवा असं मला वाटतं, आणि त्यासाठी ही तोंडाची भानगड त्याला आधीच माहीत असायला हवी.

आता गमचं बघूया. नाव गम असल्यामुळे सगळा घोटाळा होतो, लोक तो चिंगमसारखा चावतात. मागे एक टॅक्सीवाले काका आले होते, बोलता बोलता दर दोन वाक्यांनी उचकी. म्हणाले, 'ह्या गोळ्यांनी उचकी लागते आणि घसा जळतो, परत घ्या.' मी विचारलं, काका खाता कसा? तर म्हणे, 'कसा म्हणजे, चावायचा जोरात, दोन मिनिटांत चव जाते, थुंकायचा, दुसरा टाकायचा.' मी त्यांना स्टूलवर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला, चूळ भरायला सांगितली आणि म्हटलं आता माझ्यासमोर एक खा. त्यांनी सवयीने कचाकचा चावायला सुरुवात केली, तेव्हा थांबवलं आणि सांगितलं की हळू, अगदी हळू चावा, आणि जीभ झिणझिणली किंवा मिरीसारखं तिखट लागलं की तिथेच थांबा. लागलं? लागलं. मग आता तो गालात सरकवून ठेवा, मळलेली तंबाखू जशी ओठाखाली धरून ठेवतात, चावत नाहीत, तसा. हे म्हटल्यावर त्यांना एका सेकंदात कळलं, वेगळं काही समजवावं लागलंच नाही. मिनिटभराने झिणझिण गेली की परत दोन-चार वेळा चावायचं, परत तिखट लागलं की ठेवायचा, फक्त या वेळी दुसऱ्या गालात. असं करत करत एक गम अर्धा तास चालवायचा.

'पोरी, याला तर लय वेळ लागतो,' काका म्हणाले. हो, लागतो. सिगारेटचं निकोटीन छातीतून डोक्यात पोचायला दहा-वीस सेकंद पुरतात, गमचं निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून हळूहळू रक्तात उतरतं, त्याचा जोर चढायला वीस-तीस मिनिटं जातात. तलफ आल्यावर घाबरून गम कोंबला तर तो लगेच काम करत नाही, आणि मग माणूस अजून जोरात चावतो, आणि तिथूनच सगळं बिघडतं. जोरात चावलं की सगळं निकोटीन एकदम सुटतं, लाळेत मिसळतं आणि घशाखाली जातं. घसा खवखवतो, छातीत जळजळतं, मळमळतं, उचकी लागते. एवढं सोसून फायदाही होत नाही, कारण पोटात गेलेलं निकोटीन बरंचसं यकृतातच निकामी होतं, तलफ तशीच राहते. काकांना त्रास होत होता तो असा. औषध तेच, डोसही तोच, फक्त चावायची पद्धत बदलल्यावर पुढच्या खेपेला आले तेव्हा उचकी नव्हती.

हा गम मुळात निघाला स्वीडनमध्ये. १९६७ च्या सुमाराला तिथल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की पाणबुडीतले खलाशी, ज्यांना आत सिगारेट पेटवता येत नाही, ते तोंडात ठेवायच्या तंबाखूवर निभावतात, आणि त्यावरून ही कल्पना पुढे गेली. म्हणजे गालात धरून ठेवणं हेच त्याचं मूळ आहे, चावणं नाही.

अजून एक गोष्ट जी पाकिटावर बारीक अक्षरात असते आणि कोणी वाचत नाही. निकोटीन गालातून आत शिरायला तोंडात आंबटपणा नसावा लागतो. म्हणून गममध्ये सोड्यासारखे क्षार घातलेले असतात, ते तोंड थोडं अल्कधर्मी करतात. आता तुम्ही लिंबू सरबत प्यायलात, कोकम प्यायलात, कोल्ड्रिंक किंवा कॉफी घेतलीत आणि त्यावर गम टाकलात तर क्षारांची मेहनत फुकट गेली, निकोटीन आत जात नाही, नुसतं पोटात उतरतं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. मुंबईत अडचण काय होते, तर ज्या वेळी सिगारेटची सगळ्यात जास्त आठवण येते नेमकी तीच चहाची वेळ. ऑफिसातून खाली उतरायचं, कटिंग, आणि एक सिगारेट. लोक काय करतात, कटिंगबरोबर गम खातात. मी सांगते की चहा आधी पिऊन घ्या, साध्या पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा, मग गम. आणि त्या पंधरा मिनिटांसाठी शक्य असेल तर टपरीपासून लांब जा, परत वर जाऊन बसा, कुणाला फोन लावा.

माझा मोठा भाऊ, दादा, डोंबिवलीला राहतो, मस्जिद बंदरला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. त्याने सोडायला घेतली तेव्हा हे सगळं मी घरातच जवळून बघितलं. दादा सकाळी डोळे उघडल्या उघडल्या गॅलरीत जाऊन पेटवणारा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर व्यसन जास्त घट्ट समजतात आणि ४ मिलिग्रॅमचा गम देतात, त्याहून उशिरा लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा. ४ चा हवा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा, आणि मी तर म्हणेन २ वाल्यांनीही एकदा डॉक्टरशी बोलून घ्या, विशेषतः हृदयाचा त्रास नुकताच होऊन गेला असेल, किंवा बाई गरोदर असेल तर. दादाला डॉक्टरांनी ४ चा दिला. पहिल्या काही दिवसांत त्याचा जबडा इतका दुखायला लागला की भाकरी चावताना तो कानाखाली हात धरायचा. वहिनी मला फोनवर म्हणाली, 'अगं हे जेवतच नाहीयेत, नुसता वरणभात गिळतात.' बघितलं तर पठ्ठ्या लोकलमध्ये डोंबिवली ते मस्जिद अख्खा प्रवास एकाच बाजूने चावत बसायचा. एकाच गालाच्या आत, दाढेच्या समोर, पांढरट चट्टा आणि मध्ये लाल फोड. एकाच जागी गम ठेवला की ती जागा भाजल्यासारखी होतेच. बाजू बदल, कमी चाव, असं सांगितल्यावर जबडा आठवड्यात सुटला.

ज्यांना आधीपासून जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे, कटकट वाजतो, जांभई देताना अडकतो, किंवा ज्यांची कवळी आहे, त्यांनी गमच्या वाटेला जाऊच नये. गम कवळीला चिकटतो, कवळी उखडून येते, हिरडीला जखम होते. त्यांच्यासाठी लॉझेंज आहे, चोखायची गोळी. तीही गालात ठेवायची आणि अधूनमधून बाजू बदलायची, चावायची नाही आणि गिळायची तर अजिबात नाही, वीस-तीस मिनिटांत आपोआप विरघळते. पण एक सांगून ठेवते, लॉझेंजमधलं निकोटीन शेवटपर्यंत सगळं सुटतं, गममध्ये थोडं उरतं, त्यामुळे त्याच आकड्याची गोळी जरा जास्त लागते, आणि उचकीसुद्धा गोळीने सहज लागते. हळू चोखा एवढंच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

सिगारेट सोडली की तोंड येतं. गम खा, निकोटीनचा पॅच म्हणजे कातडीला चिकटवायची पट्टी लावा, नाहीतर काहीच न घेता नुसत्या निर्धारावर सोडा, तरीही येतं. सोडणाऱ्या लोकांवर अभ्यास झालाय, त्यात साधारण ४० टक्के लोकांना तोंडात फोड आले, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत, आणि बऱ्याच जणांचे महिन्याभरात गेले. याचं कारण असं समजतात की वर्षानुवर्षं गरम धूर लागून तोंडाच्या आतलं अस्तर जाड आणि निबर होतं, त्यामुळे ओढणाऱ्यांना हे साधे फोड कमी येतात. धूर बंद झाला की ते निबर आवरण जातं, आतली नाजूक कातडी उघडी पडते, आणि जरा घासलं, जरा तिखट लागलं की फोड. पण त्याच आठवड्यात माणसाने गम सुरू केलेला असतो ना, मग दोष कुणाला जाणार, गमलाच. आणि परत सिगारेट ओढली की फोड कमी झाल्यासारखे वाटतात, मग तर खात्रीच पटते, बघा, मला सिगारेटच मानवते! ही खात्री लोकांना बुडवते. तोंड तेव्हा बरं झालेलं नसतं, परत निबर व्हायला लागलेलं असतं.

हिरड्यांचंही तसंच आहे. दादाने सोडल्यावर काही दिवसांनी बेसिनमध्ये रक्त बघितलं आणि घाबरून मला फोटो पाठवला. निकोटीनने हिरड्यांमधल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या हिरड्या आतून खराब असल्या तरी रक्त येत नाही, सूज दिसत नाही, दिसायला सगळं ठीक. सोडल्यावर रक्तपुरवठा हळूहळू सुधारतो आणि जे आधीपासून आत होतं ते रक्ताच्या रूपाने बाहेर दिसायला लागतं. रक्त आलं म्हणून ब्रश करणं बंद करू नका, मऊ ब्रश घ्या, आणि दाताच्या डॉक्टरकडे जाऊन एकदा दात साफ करून घ्या. दादाच्या हिरड्यांत इतका मैल साठला होता की डॉक्टरांनी दोनदा बोलावलं, आणि साफ झाल्यावर रक्त थांबलं.

तोंड आल्यावर काय करायचं? कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चारदा चूळ भरायची, हे सगळ्यात स्वस्त आणि बऱ्यापैकी काम करणारं. आमच्या घरी आजी जाईचा पाला चावायला द्यायची आणि रात्री झोपताना फोडावर साजूक तूप, तेही करा, त्यात काही वाईट नाही, निदान आगीवर थंड वाटतं. फार दुखत असेल तर बधीर करणारं जेल मेडिकलमध्ये मिळतं, जेवायच्या आधी बोटाने लावा. बेन्झिडामिनच्या गुळण्या दुखणं कमी करतात. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश बरेच जण स्वतःच उचलून नेतात, तो जंतूंवर चांगला आहे पण जास्त दिवस वापरला तर दात तपकिरी पडतात, चहा पिणाऱ्यांचे तर लवकरच, आणि तोंडाची चव काही काळ बिघडते, म्हणून विचारून घ्या. फेस येणाऱ्या टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं, त्याने काहींचे फोड वाढतात, ते नसलेली पेस्ट महिनाभर वापरून बघा. अँटिबायोटिक मागू नका प्लीज, या फोडांवर त्याचा काही उपयोग नाही, तरी रोज कुणीतरी मागतंच. आणि फोड सारखेच येत असतील, सोडून महिने झाले तरी, तर बी-१२ आणि लोह तपासून घ्या, आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता भरपूर आढळते. मिसळ, ठेचा, लिंबू पिळलेलं काहीही, हे काही दिवस बाजूला ठेवा. दहीभात, मऊ खिचडी, थंड दूध.

एवढं करूनही गम तोंडात धरवत नसेल तर थांबवा, पण थांबवून सिगारेटवर जाऊ नका, पॅचवर जा. पॅच दंडावर किंवा पाठीवर लावायचा, निकोटीन कातडीतून जातं, तोंडाचा संबंधच येत नाही. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना बहुतेक २१ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, मग १४, मग ७ असं खाली आणतात. पॅचचा त्रास वेगळा, मुंबईच्या घामात तो सुटतो, लावलेल्या जागी खाज येते, म्हणून जागा रोज बदलायची, आणि रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवायचा. दिवसभर पॅच आणि अधूनमधून तलफ आलीच तर एखादा गम किंवा गोळी, हे दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात हे अभ्यासांतून दिसलंय. डॉक्टरना हे मोकळेपणाने विचारा, 'मी दोन्ही घेऊ का' म्हणून. दादाला शेवटी हेच दिलं, पॅच आणि जेवणानंतर एक गम, आणि गमची संख्या कमी झाल्याबरोबर त्याचं तोंडही शांत झालं.

लोक मला अजून एक विचारतात, अगदी हळू आवाजात, की ताई गमनेच कॅन्सर होत असेल तर? निकोटीनने व्यसन लागतं हे शंभर टक्के खरं. पण सिगारेटमधून कॅन्सर येतो तो मुख्यतः जळालेल्या पानाच्या धुरामुळे आणि टारमुळे, धुरात ७,००० च्या वर रसायनं असतात आणि त्यातली सत्तरएक कॅन्सर करणारी म्हणून ठरलेली आहेत. गममध्ये धूर नाही, टार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये निकोटीनचा गम आणि पॅच आवश्यक औषधांच्या यादीत घातले, आणि आपल्या सरकारच्या २०२२ च्या यादीतही निकोटीनचा पर्यायी उपचार आला. आवश्यक औषध म्हणजे अँटिबायोटिक, इन्सुलिन यांच्या पंक्तीतलं. तरी हे औषध आहे, हौसेने खायची वस्तू नाही, ज्याने कधी ओढलीच नाही त्याने आणि मुलांनी हात लावायचा नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. तोंडातला प्रत्येक फोड 'सोडल्यामुळे आला' असं म्हणून गप्प बसायचं नाही. एकच फोड एकाच जागी दोन-तीन आठवडे झाले तरी भरत नसेल, न दुखणारा असला तरी, दाखवा. न पुसला जाणारा पांढरा किंवा मखमलीसारखा लाल चट्टा, गालात किंवा जिभेच्या कडेला टणक गाठ, एखादा दात कारण नसताना हलायला लागणं, जीभ किंवा ओठ बधीर वाटणं, गिळताना अडकणं, यातलं काहीही असेल तर माझ्याकडे ट्यूब मागायला येऊ नका, डॉक्टरकडे जा. आणि सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांनी तर आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडून बघा, आपलीच तीन बोटं उभी आत जातात का. जात नसतील तर आत कातडी घट्ट होत चाललीये, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, सुपारीने होतो आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. अशा माणसाला निकोटीनचा गम तोंडात घातल्याबरोबर आग होते, चावताना जबडा उघडत नाही, आणि तो येऊन मला सांगतो की गम खराब आहे. एका मुलाने, हो मुलगाच म्हणेन, तिशीही नव्हती, काउंटरवर मला तोंड उघडून दाखवायचा प्रयत्न केला तर दोन बोटंसुद्धा कशीबशी गेली असती. आत गाल पांढराफटक. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि या मुलाने ओठावर मिसरूड फुटल्यापासून पुड्या खाल्ल्या होत्या. त्याला मी काहीही विकलं नाही, मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटलचा पत्ता लिहून दिला. सीएसएमटीला सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथेही तपासतात, खर्च फार कमी येतो. सकाळी लवकर जा, रांग असते.

किती दिवस खायचा, हेही लोक अंदाजाने ठरवतात. साधारण बारा आठवड्यांचा हिशोब धरतात, पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं. दिवसाला २४ च्या वर जायचं नाही. आमच्याकडे उलटंच जास्त दिसतं, लोक कंजूषपणा करतात, दिवसाला दोन खातात, तलफ भागत नाही, मग ते दोनच जोरजोरात चावतात आणि तोंड सोलून घेतात. गमची पट्टी महाग वाटते हे मला कळतं, कारण समोर सुटी सिगारेट मिळते, २०२० मध्ये आपल्या राज्याने सुटी विकायला बंदी घातली तरी मिळते. पण हिशोब एका सिगारेटशी करू नका, महिन्याच्या पाकिटांशी करा.

आणि ज्यांना दुकानात विचारायला लाज वाटते त्यांच्यासाठी सरकारची फुकट फोनलाइन आहे, १८००-११-२३५६, २०१६ पासून चालू आहे, परळच्या टाटाचंही एक केंद्र त्यात आहे आणि मराठीत बोलतात. तोंड आलंय, उचकी लागते, गम चावू की ठेवू, असले प्रश्न तिथे खुशाल विचारा, त्यांना सवय आहे. समोरचा माणूस ठरलेल्या दिवशी परत स्वतःहून फोन करून चौकशीही करतो, दादाला या फोनचा फार आधार वाटला, घरच्यांनी विचारलं की तो चिडायचा आणि तिकडून फोन आला की शांतपणे बोलायचा.

एक राहिलं. चघळून झालेल्या गममध्येही निकोटीन उरलेलं असतं. लोकलच्या सीटखाली, जिन्यात, घरी टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवू नका. कागदात नीट गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, पाकीट वरच्या फळीवर ठेवा. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर त्यांच्या पोटात तो जाणं धोक्याचं आहे, आणि मुलाने चुकून खाल्लाच तर उलटी होते का बघत बसू नका, उरलेलं पाकीट हातात घेऊन सरळ हॉस्पिटलला न्या.